वर्गणी बिटकॉइनमध्ये घेता का?

'आचार्यांनी' आणि 'आचाऱ्यांनी' यांतला फरक मराठी माणसाला समजावावा लागत नाही. पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. एकात 'र' डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात बाजूला ती छोटी चंद्रकोर होतो. ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या लोकलमध्ये दाराशी उभं राहून तुम्ही फोनवर 'दऱ्याखोऱ्या' असं टाइप करता, तेव्हा ही चंद्रकोर कुठे आणि कशी काढायची हे आत बसलेला एक छोटा प्रोग्रॅम ठरवत असतो. त्याचं नाव हार्फबझ. अँड्रॉइडमध्ये तो आहे, क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, लिबरऑफिसमध्येही आहे. त्याचा कोड जगात कुणालाही वाचता येतो, फुकट वापरता येतो, बदलता येतो. त्यासाठी तुम्ही एक रुपया दिलेला नाही. मीही नाही.

अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात. कोड उघड्यावर ठेवलेला, आणि सोबत एक परवाना: वापरा, बदला, पुढे द्या, एवढ्या एवढ्या अटी तेवढ्या पाळा. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असाच, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमही अशीच. मी राहतो ऐरोलीत. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला पूर्वी केमिकलचे कारखाने होते, आणि वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. आता ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्यात. ती डेटा सेंटरं. तुमचं बँकेचं ॲप, रेल्वेचं तिकीट, रात्री बारा वाजता मागवलेली बिर्याणी, सगळं अशाच कुठल्या तरी इमारतीतल्या सर्व्हरवरून जातं. आणि असले सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात.

हा लेख लिहायला बसलो तो आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलामुळे. ठाण्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत त्याने एक सॉफ्टवेअर लिहिलं, जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा रूपात, आणणारं. वीस वर्षांपूर्वीची दिवाळी अंकाची फाइल उघडून नुसती अगम्य चिन्हं पाहिली असतील, त्यांना याची किंमत कळेल. त्याने ते ओपन सोर्स ठेवलं. हळूहळू लोक वापरायला लागले, आणि वापरायला लागले म्हणजे अर्थातच तक्रारी करायला लागले. अमक्या फॉन्टमध्ये 'ळ' चुकतो, तमक्यात वेलांटी उडी मारते.

एक दिवस लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, तुम्ही मंडळाचे खजिनदार ना? वर्गणी बिटकॉइनमध्ये घेतली तर चालेल का?"

"मंडळाची?"

"नाही हो. माझ्या सॉफ्टवेअरची."

सातव्या मजल्यापर्यंत उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

आधी वर्गणी लागतेच कशाला

कोड एकदा लिहिला की काम संपलं, असं बाहेरून वाटतं. बिल्डिंग एकदा बांधली की काम संपलं असं बिल्डरला वाटतं, तसंच. राहणाऱ्याला मात्र दर महिन्याचं मेंटेनन्सचं बिल ठाऊक असतं. नवा फोन आला, नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली, कुणाला तरी कोडमध्ये भोक सापडलं, की कुणीतरी बसून ते नीट करावं लागतं. हे करणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. सोसायटीत जो माणूस स्वतःच्या नोकरीआधी पहाटे उठून पाण्याचा व्हॉल्व्ह सोडतो आणि सभेत शिव्याही खातो, तोच हा.

२०१४च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भगदाड सापडलं. ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतं ना, जगभरातल्या असंख्य सर्व्हरांवर त्या कुलपाची यंत्रणा हेच सॉफ्टवेअर सांभाळत होतं. मग लोकांनी विचारलं, हे चालवतं कोण? उत्तर आलं: पूर्णवेळ माणूस एक, आणि देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. आमच्या मंडळाचा डेकोरेशनचा खर्च यापेक्षा जास्त आहे.

दहा वर्षांनी, मार्च २०२४मध्ये, त्याहून अंगावर काटा आणणारं प्रकरण उघडकीला आलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर. लासे कॉलिन नावाचा एकच माणूस ते बिनपगारी सांभाळत होता, आणि आपण थकलोय हे त्याने लिहूनही ठेवलं होतं. 'जिया तान' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत केली, विश्वास कमावला, हातात किल्ल्या आल्या, आणि मग कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने खोदून पाहिलं, म्हणून पकडलं गेलं. नाहीतर ऐरोलीच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतींत शिरायला त्या 'जिया तान'ला खिडकी लागली नसती.

पैसा सीमेवर अडकतो

मग द्यावेत की चार पैसे! तर ते इतकं सोपं नाही. एका परदेशी प्रकल्पाला मी दर महिन्याला कार्डावरून पाच डॉलर देत होतो. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचा आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांबाबतचा नवा नियम लागू झाला: आधी सूचना द्या, ग्राहकाची संमती नीट नोंदवा. नियम ग्राहकाच्या भल्याचाच होता. पण परदेशातल्या बऱ्याच छोट्या संस्थांची यंत्रणा त्यात बसली नाही आणि माझा हप्ता त्या महिन्यात अडकला तो अडकलाच. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे देण्या-घेण्याची सेवाही बंद केली होती. यूपीआय आपल्याकडे शहाळेवाल्याकडेसुद्धा चालतं, पण स्वीडनमधल्या प्रोग्रॅमरने दारावर क्यूआर कोड चिकटवलेला नसतो.

घेणाऱ्याच्या बाजूचं दुखणं याहून मोठं. कोर-जेएस नावाचा एक कोड जगातल्या प्रचंड संख्येने वेबसाइटांमध्ये बसलेला आहे. तो लिहिणारा डेनिस पुश्कारेव रशियन. २०२२मध्ये रशियन बँकांवर निर्बंध आले आणि आधीच आटत चाललेल्या त्याच्या देणग्यांची वाट आणखी अडली. त्याच्या प्रकल्पाच्या पानावर देणगीच्या मार्गांमध्ये बिटकॉइनचा पत्ताही दिसतो, आणि तो तिथे का असावा हे सांगायला नको.

फळा आणि दानपेटी

आता मूळ गोष्ट. आमच्या मांडवात एक फळा असतो. कोणी किती वर्गणी दिली ते खडूने त्यावर लिहायचं, म्हणजे खजिनदाराने काही दडवलं असं कुणी म्हणायला नको. बिटकॉइन म्हणजे असाच एक फळा, तीन फरकांनिशी. फळ्यावर नावं नसतात, आकड्या-अक्षरांचे लांबलचक पत्ते असतात. फळा एका मांडवात नसतो, त्याची प्रत जगभर हजारो कॉम्प्युटरांवर असते. आणि लिहिलेलं पुसता येत नाही, खाली नवी ओळ तेवढी वाढवता येते. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या ओळींचा एक गठ्ठा फळ्यावर चढतो, तो ब्लॉक. अशा गठ्ठ्यांची साखळी ती ब्लॉकचेन. खजिनदाराशिवाय हिशेब चोख राहू शकतो ही कल्पना २००८मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी मांडली आणि २००९च्या जानेवारीत फळा सुरू झाला. (खजिनदार म्हणून मला हे वाचून थोडं लागलं, हे कबूल करतो.) गंमत म्हणजे बिटकॉइनचं सॉफ्टवेअर स्वतःही ओपन सोर्सच.

पत्ता म्हणजे दानपेटीची फट. कोपिनेश्वराच्या देवळातल्या पेटीत कुणीही पैसे टाकू शकतो, पण पेटी उघडायची तर किल्ली हवी. क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल पैशांच्या जगात, ही किल्ली म्हणजे एक गुप्त आकडा. लक्षात ठेवायला सोपं म्हणून तो बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या रूपात देतात. फट सगळ्यांना दाखवायची, किल्ली कुणालाही नाही. किल्ली हरवली तर कुलूपवाला मिळत नाही, बँकेत अर्जही करता येत नाही. पेटी भरलेली दिसत राहते, उघडत नाही.

एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग पडतात, त्या एका भागालाही सातोशीच म्हणतात. बिटकॉइनखेरीज इथेरियमचा इथर आहे, आणि डॉलरला बांधलेली स्टेबलकॉइन आहेत, ज्यांचा भाव एका डॉलरच्या आसपास ठेवला जातो. देणगीच्या दृष्टीने सारं तत्त्व एकच: बँक मध्ये नाही, देश मध्ये नाही, मध्यरात्री पाठवा, रविवारी पाठवा, मिनिटांत पोचतं.

मीही हुरळलो होतो. अडकलेल्या हप्त्याच्या जागी ८०० रुपयांचं स्टेबलकॉइन घेतलं आणि इथेरियमवरून पाठवायला गेलो. नेटवर्कवर त्या दिवशी गर्दी होती, स्क्रीनवर फी दिसली हजाराच्या वर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. फी रकमेवर ठरत नाही, फळ्यावर जागा मिळवायला किती जण रांगेत आहेत यावर ठरते. दहा लाख पाठवणाऱ्यालाही तीच, ८०० वाल्यालाही तीच. आता स्वस्त जाळी, म्हणजे वेगळी नेटवर्कं, आली आहेत, तिथे हेच काम नगण्य पैशांत होतं. पण घेणाऱ्याचा पत्ता नेमका त्याच जाळ्यावर आहे का हे पाहावं लागतं. चुकीच्या जाळ्यावर पाठवलेलं परत मिळवणं बहुतेकदा घेणाऱ्याच्याही हातात नसतं.

मोठ्या देणगीदारांना हे का आवडतं

मोठी रक्कम असली की चित्र पालटतं. जानेवारी २०१४मध्ये ओपनबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाकडे सर्व्हरांचं वीजबिल भरायला २०,००० डॉलर कमी पडत होते. बिटकॉइनच्या धंद्यातल्या एका रोमानियन माणसाने ते दिले. २०१८च्या जानेवारीत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला 'पायनॅपल फंड' या नावाने एका निनावी देणगीदाराकडून ९१.४५ बिटकॉइन आले, त्या वेळचे दहा लाख डॉलर.

यात औदार्य आहेच, पण अमेरिकेचा प्राप्तिकरही आहे, आणि तो भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. तिथे २०१४पासून क्रिप्टोला मालमत्ता मानतात. वर्षभराहून जास्त काळ जवळ असलेलं, भाव चढलेलं क्रिप्टो थेट नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलं, तर वाढलेल्या किमतीवर कर लागत नाही आणि बाजारभावाएवढी वजावटही मागता येते. विकून पैसे देण्यापेक्षा तसंच देणं स्वस्त.

आपल्याकडे उलटं. समजा तुम्ही १०,००० रुपयांचा इथर घेतला आणि आज तो २५,०००चा झाला. विकला की १५,००० नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ४,६८० रुपये गेले. तुमचा कराचा टप्पा कोणताही असो. दुसऱ्या कॉइनमधला तोटा यातून वजा करता येत नाही. ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस वेगळा कापतात, तो पुढे हिशेबात वळता होतो एवढंच. हे ३० टक्क्यांचं प्रकरण २०२२-२३पासून आहे. आणि देणगीवरची करसवलत विसरा: ती वस्तुरूप दानाला मिळत नाही आणि परदेशी संस्थेला दिलेल्यालाही मिळत नाही.

तरी क्रिप्टो बेकायदा आहे असं समजू नका. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२०ला रद्द केलं. मार्च २०२३पासून क्रिप्टोची खरेदी-विक्री जिथे होते त्या एक्स्चेंजांना मनी लाँडरिंगविरुद्धचा कायदा लागू आहे, त्यामुळे केवायसी वगैरे सगळं आलं. चलन म्हणून मान्यता नाही, पण बंदीही नाही.

घेणाऱ्याचं काय

वरच्या ९१.४५ बिटकॉइनचंच गणित करू. ते कुणी तसेच ठेवले असते तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात भाव तळाला गेला तेव्हा त्यांचे तीन लाख डॉलरही आले नसते. नोव्हेंबर २०२१च्या शिखरावर तेच साठ लाखांच्या वर गेले असते. ज्याला दर महिन्याला सर्व्हरचं भाडं आणि एका माणसाचा पगार द्यायचा आहे, त्याने या पाळण्यात बसू नये. म्हणून बऱ्याच संस्था आलेलं क्रिप्टो लगेच विकून टाकतात. मलाही तेच शहाणपणाचं वाटतं. वर्गणीच्या पैशांवर सट्टा खेळणाऱ्या खजिनदाराला मंडळात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

काही संस्थांनी तर दारच लावून घेतलं. विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन २०१४पासून बिटकॉइन घेत होतं. २०२२मध्ये विकिपीडियाच्या संपादकांनी चर्चा करून, मतदान घेऊन ते थांबवायला लावलं. विजेच्या उधळपट्टीचा मुद्दा होता (बिटकॉइनच्या फळ्यावर गठ्ठा चढवायला जगभरचे कॉम्प्युटर शर्यत लावतात, त्यात प्रचंड वीज जाते), फसवणुकीचा होता, आणि आकडाही होता: त्याआधीच्या वर्षी क्रिप्टोतून आलेले पैसे एकूण उत्पन्नाच्या ०.०८ टक्के. एवढ्यासाठी कोण वाद ओढवून घेईल? फायरफॉक्सवाल्या मोझिलानेही त्याच वर्षी आधी देणग्या थांबवल्या आणि मग जास्त वीज न खाणारी क्रिप्टोच घेऊ असं ठरवलं. इथेरियमने सप्टेंबर २०२२मध्ये पद्धत बदलून विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटवला. बिटकॉइनचा मात्र तसाच आहे.

एक खरोखर नवी कल्पना

या सगळ्या धुरळ्यात मला मनापासून आवडलेली एक गोष्ट आहे. तिला क्वाड्रॅटिक फंडिंग म्हणतात. २०१८मध्ये व्हिटालिक ब्युटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वायल या तिघांनी ती मांडली, आणि २०१९पासून गिटकॉइन या मंचावर ओपन सोर्स प्रकल्पांसाठी ती वापरात आली.

समजा दोन मंडळं आहेत. पहिल्याला चाळीतल्या २५ घरांनी शंभर-शंभर रुपये दिले, दुसऱ्याला एका बिल्डरने एकरकमी २,५००. जमले दोघांकडे सारखेच. आता एक दाता म्हणतो, माझ्याकडे मोठी थैली आहे, यात भर घालतो, पण वाटायची कशी? सूत्र असं: प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढा, बेरीज करा, बेरजेचा वर्ग करा. पहिल्या मंडळात १००चं वर्गमूळ १०, अशी २५ घरं म्हणजे २५०, त्याचा वर्ग ६२,५००. दुसऱ्यात २,५००चं वर्गमूळ ५०, त्याचा वर्ग पुन्हा २,५००. म्हणजे थैलीतून पहिल्या मंडळाला ६०,०००ची भर, दुसऱ्याला शून्य. थैली लहान असली तर सगळ्यांचं त्याच प्रमाणात कापायचं. किती रुपये आले यापेक्षा किती माणसं आली याला मोल. दहा रुपयांची देणगीसुद्धा इथे वजन टाकते, आणि छोट्या मेंटेनरला नेमकं हेच हवं असतं.

भोक कुठे आहे ते निवडणुका पाहिलेल्या माणसाला लगेच दिसेल. बिल्डरने आपले पैसे २५ पोरांच्या हातून दिले तर? बोगस मतदारांचाच प्रकार. क्रिप्टोत नवा पत्ता काढायला ओळखपत्र लागत नाही, त्यामुळे 'हा एकच माणूस आहे' हे सिद्ध करण्यात या मंचांची अर्धी शक्ती जाते.

पैसा नुसता ओतला तर काय होतं, त्याचाही नमुना आहे. 'टी' नावाच्या एका योजनेने ओपन सोर्समधल्या योगदानाला टोकन, म्हणजे स्वतःची क्रिप्टो नाणी, देऊ केली. २०२४मध्ये लोकांनी त्या टोकनांच्या आशेने बिनकामाच्या पॅकेजांचा, म्हणजे कोडच्या पुडक्यांचा, ढीग लावला, आणि ज्यांना मदत व्हायची त्या मेंटेनरांनाच नको असलेले बदल सुचवून भंडावून सोडलं.

तर मी त्याला काय सांगितलं

देणाऱ्यांसाठी आधी. तुमच्याकडे क्रिप्टो आधीपासून पडून असेल तर खुशाल द्या. द्यायचं म्हणून मुद्दाम विकत घ्यायला जाऊ नका. रुपये, मग कॉइन, मग फी, मग करविवरणात वेगळा तक्ता, एवढ्या खटाटोपात तुमची देणगी नावापुरतीच उरते. कार्ड चालत असेल तर गिटहब स्पॉन्सर्स किंवा ओपन कलेक्टिव्ह या मेंटेनरांपर्यंत देणग्या पोचवणाऱ्या साइटांवरून द्या. पत्ता प्रकल्पाच्या मूळ पानावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला नको, आणि आपल्याच जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचललेला तर मुळीच नको. भामटे पहिली आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता तयार करून त्या यादीत घुसवून ठेवतात. मधली अक्षरंही वाचा, आधी चिमूटभर पाठवून पाहा. आणि फळा सगळ्यांना दिसतो हे विसरू नका. पत्त्याशी तुमचं नाव एकदा जोडलं गेलं की तुमची पेटी काचेची.

घेणाऱ्याला, म्हणजे त्या मुलाला, सांगितलं की देणग्यांसाठी वेगळा पत्ता काढ, किल्लीचे शब्द कागदावर लिही आणि त्याचा फोटो काढू नकोस. प्रत्येक देणगीची तारीख आणि त्या दिवशीचा रुपयातला भाव वहीत टिपून ठेव. वर्षात नातेवाइकांखेरीज इतरांकडून मिळालेल्या भेटी ५०,०००च्या पुढे गेल्या तर सगळी रक्कम उत्पन्नात धरतात, आणि क्रिप्टोही त्यात येतं. रक्कम मोठी व्हायला लागली की सीएकडे जा. "आणि वरती साधा मार्ग ठेव, बिटकॉइन खाली. बिटकॉइनचा पत्ता पाहून कुणी द्यायला उठत नाही रे. ज्याने आधीच द्यायचं ठरवलंय आणि ज्याची वाट अडली आहे, त्याच्यासाठी ती मागची गल्ली."

त्याने तसं केलं. आठ महिन्यांत वरच्या मार्गाने सात जणांनी पैसे दिले, त्यातले दोन ठाणे स्टेशनजवळचे छापखानेवाले. खालच्या पत्त्यावर एक ओळ उमटली, १२,००० सातोशी. त्या दिवशीच्या भावाने हजारेक रुपये. कुठल्या देशातून आले, कुणी दिले, कळायला मार्ग नाही, कारण फळ्यावर नाव नसतं आणि निरोपही नसतो. त्याने ते हलवले नाहीत, हलवायची फी परवडत नाही म्हणतो. पावती कुणाच्या नावाने फाडायची हे मलाही सुचलं नाही. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती काढली तेव्हा त्यात काय काय दुरुस्त केलं याची यादी होती: अमुक फॉन्टमधला 'ळ', तमुकमधली वेलांटी, 'आचाऱ्यांनी'तली चंद्रकोर. आणि त्याखाली एक ओळ: १२,००० सातोशी पाठवणाऱ्याचे आभार.